टॉरंटने उतरवलेली फाइल फोनमध्ये जाते कुठे?

गेल्या भागात आपण फोनमधली जागा कशी मोजायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी दोन प्रश्न विचारले. पहिला असा, "टॉरंट शंभर टक्के झालं असं ॲप म्हणतंय, पण फाइल आहे कुठे?" आणि दुसरा, "जागा करायला ॲप काढून टाकलं, तर फाइलीही गेल्या. परत मिळतील का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच असतं. म्हणून हा भाग जरा सावकाश ऐका, आणि वाचत असाल तर फोन हातात घेऊन वाचा.

नोएडा, गुरुग्राम, दिल्ली कॅन्टोन्मेंट अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांची एक जुनी अडचण आहे. मराठी पुस्तक हवं असलं तर पुण्याहून कुणी येतंय का ते पाहायचं आणि त्याच्या पिशवीत चार पुस्तकं मागवायची. आता जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर मोठ्या संख्येने आहेत. यातला एक मोठा साठा 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पातून आला. त्यात पुस्तकं स्कॅन करणाऱ्या केंद्रांपैकी एक आपल्या शेजारीच होतं, सी-डॅक नोएडा. या संग्रहाची मोठी प्रत आज इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, आणि तिथे पुस्तकाच्या पानावर पीडीएफच्या जोडीला टॉरंटचाही पर्याय दिसतो. आज आपण हेच उदाहरण घेऊ.

मागणीपत्र, लेजर आणि माल

फौजेत क्वार्टरमास्टरच्या कोठारात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक, मागणीचा कागद, ज्याला आम्ही इंडेंट म्हणतो. दोन, लेजर, म्हणजे नोंदवही. तीन, प्रत्यक्ष माल. टॉरंटमध्येही याच तीन गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

डॉट टॉरंट असं शेपूट असलेली जी छोटीशी फाइल आधी उतरते, ती फक्त मागणीपत्र आहे. काही केबीची असते. तिच्यात पुस्तक नसतं. कोणत्या फाइली हव्यात, त्यांची नावं, त्यांचा आकार आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा एवढंच तिच्यात असतं. मॅग्नेट लिंक म्हणजे त्याहून छोटी चिठ्ठी. तिच्यात मुख्यतः ओळखीचा ठसा असतो, बाकीची यादी ॲप स्वतः इतरांकडून मिळवतं. पुष्कळ जण डाउनलोड फोल्डरमध्ये डॉट टॉरंट फाइल पाहतात, तिच्यावर बोट ठेवतात आणि "पुस्तक उघडत नाही" म्हणतात. उघडणार कसं? तो कागद आहे, माल नाही.

लेजर म्हणजे टॉरंटच्या ॲपमधली यादी. लिब्रेटॉरंट, फ्लड किंवा तुम्ही वापरता ते कुठलंही ॲप घ्या. कोणता माल किती टक्के आला, कुठे ठेवला, इतरांना किती दिला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि माल म्हणजे फोनच्या एखाद्या फोल्डरमध्ये बसलेली खरी फाइल.

ही पद्धत ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने २००१ साली बनवली. एकाच ठिकाणाहून सगळी फाइल आणण्याऐवजी ती तुकड्या-तुकड्यांनी अनेकांकडून आणायची, आणि आलेले तुकडे त्याच वेळी इतरांना द्यायचे. हे देणं लक्षात ठेवा. पुढे कायद्याच्या मुद्द्यात ते कामाला येईल.

माल शोधायचा कसा

सुरुवात फोल्डर उलटेपालटे करण्यापासून करू नका. आधी लेजर बघा. ॲपमध्ये त्या टॉरंटवर बोट ठेवा, तपशील उघडा. तिथे साठवणुकीचा मार्ग दिलेला असतो. तो बहुतेक 'स्टोरेज, एम्युलेटेड, शून्य' असा सुरू होतो. घाबरायचं कारण नाही. या तीन शब्दांचा अर्थ एवढाच की फोनची आतली मेमरी. त्यापुढे 'डाउनलोड' असेल, तर फोनमधलं 'फाइल्स' किंवा 'माय फाइल्स' ॲप उघडा, इंटर्नल स्टोरेजमध्ये जा, डाउनलोड फोल्डर उघडा. माल तिथे आहे. 'स्टोरेज'च्या पुढे एम्युलेटेडऐवजी आडवी रेघ असलेले अक्षर-आकडे दिसले, तर माल मेमरी कार्डावर आहे.

नावाने शोधत असाल तर एक अडचण येते. डिजिटल लायब्ररीच्या पुस्तकांच्या फाइलींची नावं सहसा २०१५ आणि पुढे एक लांब क्रमांक अशी सुरू होतात, आणि पुस्तकाचं नाव त्यानंतर रोमन लिपीत येतं. म्हणून देवनागरीत शोधलं तर काहीच सापडत नाही. फाइल मिळाली की लगेच तिचं नाव बदलावंसं वाटेल. तेवढं थांबा, कारण लेजरमध्ये जुनं नाव आहे.

आणखी एक गोष्ट. टॉरंट एका पुस्तकाचं असलं तरी त्यात पीडीएफ एकटी नसते. पानांच्या मूळ प्रतिमांची मोठी झिप फाइल, मजकुराची फाइल, माहितीच्या छोट्या फाइली, असं सगळं बिऱ्हाड सोबत येतं. जागा खाते ती प्रतिमांची झिप. टॉरंट जोडताना ॲप फाइलींची यादी दाखवतं, तेव्हा फक्त पीडीएफवर खूण ठेवा आणि बाकीच्या काढा. आणि खरं सांगायचं तर एकच पुस्तक हवं असेल तर सरळ पीडीएफचं बटण दाबा, टॉरंटची गरजच नाही. मोठा संग्रह असेल, किंवा नेट सारखं तुटत असेल, तेव्हा टॉरंट उपयोगी. ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

फोल्डरमध्ये फाइल पूर्ण आकाराची दिसते म्हणून ती पूर्ण झाली असं समजू नका. बरीच ॲप सुरुवातीलाच पूर्ण जागा अडवून ठेवतात. तुकडे मात्र नंतर येत राहतात. पूर्ण झालं की नाही हे लेजर सांगेल, फोल्डर नाही.

ॲप काढल्यावर फाइली का जातात

आता तो दुसरा प्रश्न. अँड्रॉइड ११ आलं २०२० साली. त्याच्या आसपास गूगलने नियम कडक केले. प्रत्येक ॲपची स्वतःची एक खोली असते. 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'डेटा', आणि त्याच्या आत ॲपच्या नावाचा फोल्डर. या खोलीत इतर ॲपना सहसा डोकावता येत नाही, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये ती रिकामी किंवा बंद दिसते. आणि ॲप काढलं की फोन ती खोली सामानासकट पाडून टाकतो. जागा बदलून द्यायची सोय न वापरता माल तिथेच साठवला असेल, तर तो गेला. ॲपच्या सेटिंगमधलं 'क्लिअर डेटा' हे बटणही हेच करू शकतं. 'क्लिअर कॅशे' वेगळं, त्याने असा माल जात नाही.

म्हणून नवं ॲप घेतल्यावर पहिलं काम हे करा. त्याच्या सेटिंगमध्ये साठवणुकीचा भाग उघडा आणि फोल्डर बदलून डाउनलोडच्या आत स्वतःचा एक फोल्डर द्या, समजा 'पुस्तके'. फोन परवानगी मागेल, ती त्या फोल्डरपुरती द्या. आधीच आलेला माल आतल्या खोलीत असेल तर ॲप काढण्याआधी ॲपमधूनच तो बाहेर हलवा. ते जमत नसेल तर फोन केबलने संगणकाला जोडा. बऱ्याच फोनमध्ये ही खोली तिथून दिसते आणि फाइली उचलता येतात.

यादीतून टॉरंट काढताना ॲप विचारतं, नुसती नोंद काढू की फाइलीही पुसू? हे वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नका. फाइली पुसण्याच्या चौकटीत खूण असेल तर लेजरसोबत मालही जाईल. आणि अशी पुसलेली फाइल फोनच्या कचरापेटीत सापडेल याचा भरवसा धरू नका.

हलवण्याचा क्रमही ठरलेला ठेवा. लेजरला न सांगता कोठारातून माल हलवला, की पुढच्या तपासणीत तो 'गहाळ' दाखवला जातो. ॲपचंही तसंच. तुम्ही फाइल मॅनेजरने फाइल उचललीत किंवा नाव बदललंत, तर ॲप ती हरवली समजून चूक दाखवेल, किंवा पुन्हा शून्यापासून उतरवायला लागेल. म्हणून आधी टॉरंट पूर्ण होऊ द्या, मग फाइली तशाच ठेवून नुसती नोंद काढा, आणि त्यानंतर हवं ते नाव द्या, हवं तिथे न्या.

पेन ड्राइव्हवर घेताना ४ जीबीपेक्षा मोठी फाइल अडली, तर ड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला असतो, आणि त्या पद्धतीत यापेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने पुन्हा तयार करा. आणि प्रत घेतल्यावर ती तिथून उघडून पाहा, मगच फोनमधली पुसा.

डेटा, बॅटरी आणि कायदा

फाइल पूर्ण झाली तरी ॲप थांबत नाही. ते तुमच्याकडचे तुकडे इतरांना देत राहतं. याला सीडिंग म्हणतात. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर दुपारपर्यंत तो संपू शकतो. सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवर' हा पर्याय चालू करा. आपण घेतलं तेवढं परत देऊन थांबणं ही चांगली रीत आहे.

हे देणंच कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. टॉरंट ही पद्धत बेकायदा नाही. उबुंटूसारखी मुक्त सॉफ्टवेअरही टॉरंटने वाटली जातात. पण हक्क असलेला सिनेमा घेताना तुम्ही नुसते घेत नाही, वाटतही असता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायरेट बे, १३३७एक्स अशी संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्यांच्या नव्या नावाने निघणाऱ्या नकलाही बंद करता येतील अशी सोय केली. ती संकेतस्थळं उघडत नाहीत याचं कारण हे.

पुस्तकांचा हिशेब सोपा आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांचं लेखन कधीच मुक्त झालं. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला. पु. ल. जून २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०६० अखेरपर्यंत हक्क आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं यांचा हक्क वेगळा. आणि एखादं पुस्तक आर्काइव्हवर दिसलं म्हणजे ते मुक्तच असं नाही.

ठसा जुळला म्हणजे माल चांगला असं नाही

टॉरंटमधल्या प्रत्येक तुकड्याचा ठसा ॲप तपासतं. त्यामुळे वाटेत बिघडलेला तुकडा आत येत नाही. पण हा ठसा एवढंच सांगतो की टॉरंट बनवणाऱ्याने जे ठेवलं तेच तुम्हाला मिळालं. त्याने विष ठेवलं असेल तर विषच जसंच्या तसं येईल.

म्हणून उघडण्याआधी शेपूट पाहा. पुस्तक म्हणजे पीडीएफ किंवा ईपब. व्हिडिओ म्हणजे एमपी४ किंवा एमकेव्ही. पुस्तकाच्या नावाखाली एपीके आली तर ते पुस्तक नाही, ते तुमच्या फोनमध्ये शिरू पाहणारं ॲप आहे. "हे पाहायला आमचा प्लेअर घ्या" किंवा "पासवर्डसाठी या लिंकवर जा" असं सांगणारी फाइलही तिथेच पुसा. 'अनोळखी ॲप बसवणे' ही परवानगी ब्राउझरला आणि टॉरंट ॲपला कधीही देऊ नका. आपल्या वयाच्या माणसांचं पेन्शन खातं, ओटीपी, बँकेचं ॲप सगळं याच फोनवर असतं. असं ॲप चुकून बसलंच, तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा. यात लाजायचं काही नाही. मात्र उशीर करू नका. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतात.

आज घरी एवढंच करा. टॉरंट ॲप उघडा, साठवणुकीचा मार्ग वाचा, तो ॲपच्या आतल्या खोलीत असेल तर बदला. 'फक्त वायफाय' चालू करा. पूर्ण झालेल्या नोंदी फाइली ठेवून काढा, आणि डाउनलोडमधल्या उरलेल्या डॉट टॉरंट फाइली खुशाल पुसा. माल हाती आला की मागणीपत्राचं काम संपतं.

पुढच्या भागात याच पीडीएफची अक्षरं फोनवर मोठी करून वाचायची कशी, ते पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.