गुंगीचे औषध आणि छातीतले पाणी

लोणी काळभोरसारख्या महामार्गालगतच्या गावातही आता अतिदक्षता विभाग आले आहेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठी अशा विभागांत डेक्समेडेटोमिडीन वापरतात. अमेरिकेत त्याला 1999 मध्ये परवानगी मिळाली. नातेवाइकांनी मोबाइलवर त्याचे दुष्परिणाम शोधले, तर यादीत ‘प्लुरल इफ्यूजन’, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साठणे, हेही दिसते. मग औषधानेच पाणी झाले, असे म्हणायचे का? नाही. कारण यादीतली नोंद एवढेच सांगते की औषध चालू असताना ते घडले.

अमेरिकी माहितीपत्रकातल्या चाचण्यांत हे पाणी डेक्समेडेटोमिडीन घेणाऱ्या सुमारे 2 टक्के, औषधाविना गटातल्या 1 टक्का आणि प्रोपोफॉल हे दुसरे गुंगीचे औषध घेणाऱ्या 6 टक्के रुग्णांत आढळले. वरवर पाहता प्रोपोफॉल गुन्हेगार ठरते. पण त्या गटात मुख्यतः बायपास झालेले रुग्ण होते. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी सोडवताना फुफ्फुसाचे आवरण अनेकदा उघडले जाते, म्हणून या शस्त्रक्रियेनंतर तिथे पाणी साठणे नेहमीचेच. याच माहितीपत्रकात रक्तदाब उतरण्याचे प्रमाण पाहा: डेक्समेडेटोमिडीन गटात सुमारे 25 टक्के, औषधाविना गटात 12. हे औषध मेंदूतली नॉरएड्रिनॅलिन सोडणारी केंद्रे मंदावते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब दोन्ही उतरतात. इथे आकडा आणि कार्यपद्धती एकमेकांना दुजोरा देतात. पाण्याच्या बाबतीत तसा दुजोरा मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, अशा नोंदी झटकूनच थॅलिडोमाइड या औषधाने झाले तसे अनर्थ होतात. आक्षेप रास्त आहे. 1961 मध्ये विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांच्या छोट्याशा पत्रानेच त्या औषधाकडे जगाचे लक्ष वेधले होते. पण तिथे बाळांतले व्यंग एरवी दुर्मीळ होते, आणि आईने गरोदरपणी तेच औषध घेतल्याचे पुन्हापुन्हा दिसत होते. छातीत पाणी मात्र क्षय, न्यूमोनिया, हृदय वा मूत्रपिंड निकामी होणे, कर्करोग अशा अनेक कारणांनी होते, आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण बहुधा त्यांपैकीच कशाने तरी आजारी असतात.

तरीही नोंद झालीच पाहिजे. भारतात 2010 पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे आणि त्याच्या अर्जावर ‘संशयित’ दुष्परिणाम असाच उल्लेख असतो. संशय पक्का व्हायला तुलना लागते: तोच आजार, तीच शस्त्रक्रिया, फरक फक्त औषधाचा. तोवर पाणी दिसले तर औषधावर खापर फोडण्याआधी सोनोग्राफी करावी आणि गरज पडल्यास सुईने पाणी काढून तपासावे.