पक्कड घेताना नाव वाचा, पारखही करा



तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या मांडवाची तार ताणायची असो, माण-खटावात कुंपणाला काटेरी तार बांधायची असो, पक्कड हाताशी लागतेच. बियाणं घेताना आपण चार दुकानं फिरतो. पक्कड मात्र पहिली हाताला येईल ती उचलतो. मग ऐन कामात तिची धार मोडते, तार कापत नाही आणि मजूर बसून राहतात.

नावाचा उपयोग किती?

आपल्याकडे तापारिया हे नाव जुनं आहे. नाशिकच्या या कंपनीनं 1969 साली स्वीडनच्या कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेऊन हत्यारं बनवायला सुरुवात केली. अमेरिकेची स्टॅन्ले, जर्मनीची निपेक्स ही परदेशी नावं. याशिवाय जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर इथल्या कारखान्यांचा मालही बाजारात येतो.

चांगलं नाव असलं म्हणजे माल बहुधा एकसारखा मिळतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाच कंपनीच्या हलक्या-भारी प्रती असतात. आणि नामांकित मालाची नक्कलही होते. नावातलं एखादं अक्षर बदललेलं असतं. म्हणून पक्कडीवर कोरलेलं नाव नीट वाचा आणि पक्कं बिल मागा. या पक्कडीसाठी आय.एस. 3650 हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख आहे का, तेही बघा.

दुकानातच करायच्या चार परीक्षा

दोन कंपन्यांची तुलना करताना माप एकच घ्या. आठ इंची दांड्याला जोर जास्त मिळतो. सहा इंचीशी तिची तुलना केली तर फसगत होते.

1. उजेड : पक्कड मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ती नको.

2. बिजागरी : उघडझाप एका हाताने सहज व्हावी. दांडे आडवे हलवून बघा. जबडे डुगडुगले तर रिवेट ढिलं आहे. लवकरच धारेवर धार बसणार नाही.

3. धार : आधी पातळ कागद कापा, मग दुकानदाराकडून 14 गेजच्या तारेचा तुकडा मागून कापा. धारेवर बोट न फिरवता, नुसतं निरखून बघा. खाच पडली तर पोलादाला पाणी नीट दिलेलं नाही. धार मऊ राहिली की दबते, फाजील कडक झाली की टवका उडतो.

4. मूठ : प्लॅस्टिकचं आवरण पिळून बघा. ते फिरता कामा नये. ज्यांच्या हातात पक्कड राहणार, त्यांच्याच हातात देऊन बघा. घरच्या बाईमाणसांना सात इंची बरी पडते का, तेही विचारा.

तार बघून हत्यार

गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड. 14 गेजची तार सुमारे 2 मिलिमीटर, 8 गेजची सुमारे 4 मिलिमीटर असते. मांडवाची जाड तार हातपक्कडीने कापत बसू नका. त्याला लांब दांड्याचं कटर घ्या, गावात चौघांत मिळून एक असलं तरी चालतं. तार बिजागरीच्या जवळ, सरळ धरून कापा. पक्कड डावी-उजवी हिसडू नका. तुटलेलं टोक डोळ्यात उडतं, म्हणून ते दुसऱ्या हातात धरा.

विजेच्या कामाला सावधान

साध्या पक्कडीचं रंगीत आवरण पकड बसावी म्हणून असतं. ते जीव वाचवील असं समजू नका. विजेच्या कामाच्या पक्कडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं छापलेलं असतं. तिचंही आवरण चिरलं की ती विजेच्या कामातून बाद. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.

तीन फेजच्या मोटारीला 400 व्होल्टच्या आसपास वीज येते. मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टार्टर उघडू नका. डीपीवरचा फ्यूज तर कोणतीही पक्कड घेऊन स्वतः टाकायला जाऊ नका. पिकाला पाणी एक दिवस उशिरा मिळालं तर चालेल. वायरमनला बोलवा.

निगा

काम झालं की माती पुसा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. पक्कडीने खिळे ठोकू नका. ती विस्तवात धरू नका, पोलादाचं पाणी उतरतं.

थोडक्यात, नाव वाचा, चार परीक्षा करा, मग किंमत विचारा. दुकानदार तार कापून बघू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा.