वाचा हरपलेल्यांसाठी हक्काची चार वाक्ये

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस इस्पितळातून घरी आला की सर्वांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे असते. मालिश सुरू होते, काठीच्या आधाराने चालणे सुरू होते. परंतु अनेकांची त्यासोबत वाचाही गेलेली असते, आणि तिच्याबाबत मात्र नशिबाला बोल लावून सारे गप्प बसतात. या दुखण्यास वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. त्यावरील एका साध्या उपचारपद्धतीची समाजबांधवांना ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच केला आहे.

वाचाघात म्हणजे वेड नव्हे, बहिरेपणाही नव्हे. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. तेथील रक्तपुरवठा तुटला की शब्द सापडेनासे होतात. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली अशा एका रुग्णाची हकीकत मांडली. त्याच्या तोंडून 'टॅन' एवढाच उच्चार निघे, पण दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे समजत असे. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी निराळा प्रकार दाखवला. त्यात रुग्ण भराभर बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे म्हणणेही त्याला नीट उमगत नाही.

आता उपचाराकडे वळू. सायकल शिकताना प्रथम प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावे लागते, नंतर पाय आपोआप फिरतात. तसाच एखादा छोटा संवाद पुन्हा पुन्हा घोकला, की एकेक शब्द न शोधता तो सलग बाहेर पडू लागतो. या विचारावर ही पद्धत उभी आहे. अमेरिकेत ऑड्री हॉलंड, लिओरा चर्नी आदी तज्ज्ञांनी ती पुढे नेली. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर रुग्णासोबत बोलणारा एक 'शिक्षक'ही तयार केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीन जुन्या रुग्णांनी घरी नऊ आठवडे सराव केला व दर आठवड्याला तज्ज्ञांची भेट घेतली. तिघांच्याही सरावातील संवादांत सुधारणा दिसली.

संगणक नसला तरी अडत नाही. वाक्-उपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने रुग्णाला झेपतील अशी लहान वाक्ये लिहून काढावीत. समजा, आजोबांना नातीशी फोनवर बोलायचे आहे :

"हॅलो, मी आजोबा."
"बोला आजोबा, कसे आहात?"
"बरा आहे. अभ्यास चालू आहे ना?"
"हो, चालू आहे."
"रविवारी ये. वाट बघतो."

प्रथम आजोबांनी वाक्य ऐकावे. मग मदतनीसाने त्यांच्यासोबत एकसुरात म्हणावे. हळूहळू मदतनीसाने आवाज कमी करीत न्यावा व शेवटी आजोबांनी एकट्याने म्हणावे. एक वाक्य बसले की पुढचे घ्यावे. सराव रोज हवा. संवाद पक्का झाला की दुसऱ्या माणसासोबत, प्रश्न थोडा बदलून, तो म्हणून पाहावा.

संवादाचा विषय मात्र रुग्णानेच निवडावा. बोलता येत नसेल तर चार विषय चित्रांनी वा चिठ्ठ्यांवर समोर ठेवून बोट दाखवू द्यावे. घरची मंडळी पुष्कळदा "पाणी द्या", "औषध द्या" एवढेच शिकवू पाहतात. पाणी तर खुणेनेही मागता येते. पण नातीला घरी बोलावणे, बैठकीत आपले मत सांगणे, जुन्या मित्राची विचारपूस करणे खुणेने होत नाही. ज्याचा शब्द काल घरात चालत होता, त्याच्यादेखत आज त्याला न विचारता निर्णय होतात. हे दुःख लुळ्या हातापेक्षा लहान नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिने मेंदूची इजा भरून येत नाही. घोकलेली वाक्ये सुधारली म्हणून सगळेच बोलणे तितके सुधारेल, अशी खात्री देता येत नाही. परंतु झटक्याला वर्षे लोटली तरी अशा सरावाचा उपयोग झालेला आहे, म्हणून "आता उशीर झाला" असे कोणी म्हणू नये.

आपल्या घरी वा शेजारी असा रुग्ण असेल तर त्याच्याशी मोठ्याने ओरडून बोलू नये. त्याचे वाक्य आपणच पुरे करू नये. प्रश्न विचारून थोडे थांबावे. त्याच्या चार वाक्यांसाठी घरातील एकाने रोज थोडा वेळ काढावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.