रुळांत वीज की डब्यात बॅटरी?

बागेत रूळ टाकून त्यावर हातभर लांबीची इंजिने पळवण्याचा छंद जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. त्याला आजचे रूप दिले ते लेहमान या जर्मन कंपनीने. 1881 पासून पत्र्याची खेळणी बनवणाऱ्या या कंपनीने 1968 मध्ये न्युर्नबर्गच्या खेळण्यांच्या मेळाव्यात ‘लेहमान ग्रोस बान’, म्हणजेच एलजीबी, ही मालिका मांडली. रुळांतले अंतर 45 मिलिमीटर, प्रमाण 1:22.5, म्हणजे मीटरगेज गाडीची जवळजवळ अचूक प्रतिकृती. रूळ पितळी, खालचे स्लीपर उन्हापावसात टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे. ऑस्ट्रियातल्या ‘श्टाइन्झ’ या छोट्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती त्या मालिकेची ओळख बनली. गाड्या घराबाहेर पडल्या आणि त्यांच्या मागोमाग एक प्रश्नही बाहेर पडला, तो म्हणजे त्या चालवायच्या कशा.

जुनी पद्धत साधी होती. रुळांत डीसी वीज सोडायची, व्होल्टेज वाढवले की गाडी जोरात, तारांची अदलाबदल केली की उलटी. पण एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम हलतात. एक थांबवून दुसरे चालवायचे तर रुळांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते. या कटकटीतून सोडवले ते डिजिटल नियंत्रणाने. गीसेनच्या बेर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली पद्धत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने पुढच्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. हीच आजची डीसीसी.

तिचे काम कसे चालते ते नीट समजून घेतले, तर बाजारातल्या निम्म्या दाव्यांचा उलगडा आपोआप होतो. डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असते. फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. एका दिशेला 58 मायक्रोसेकंद आणि लगेच दुसऱ्या दिशेला तेवढेच, असे झाले तर तो ‘एक’. 100 मायक्रोसेकंद किंवा जास्त लागले तर तो ‘शून्य’. या एक-शून्यांच्या माळेत आधी इंजिनाचा पत्ता, मग हुकूम आणि शेवटी चूक पकडणारा आकडा असतो. इंजिनातला डीकोडर ही माळ सतत वाचतो. फलाटावरची घोषणा सगळ्यांच्या कानी पडते, पण उठतो तो ज्याची गाडी आहे तोच, तसे इथे होते. मोटर, दिवे आणि शिट्टीचा आवाज याच विजेवर चालतात. वेगाचे 14, 28 किंवा 128 टप्पे मिळतात आणि पत्ते दहा हजारांच्या वर देता येतात.

मानक खुले असल्यामुळे व्हिएन्नाच्या झिमो कंपनीचा डीकोडर जर्मनीच्या मासोथच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे रुळांत हुकूम सोडणाऱ्या यंत्रावर, चालतो, आणि ईएसयूचा डीकोडर लेन्झच्या स्टेशनवर. निवड करताना हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

घरातल्या टेबलावर डीसीसी निमूट चालते. बागेत तिची परीक्षा रुळांच्या जोडांवर होते. एलजीबीचा नेहमीचा सरळ तुकडा 30 सेंटिमीटरचा असतो. वीज एका टोकाला दिली आणि मार्ग 30 मीटर लांब गेला, तर प्रत्येक रुळावर साधारण 100 जोड, जाऊन-येऊन 200. प्रत्येक जोडाचा रोध केवळ शतांश ओहम धरला तरी एकूण 2 ओहम होतात. इंजिनाने 3 अँपिअर ओढले की 6 व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे 22 व्होल्ट सोडले तर पलीकडे 16 पोचतात. पितळ बिचारे चांगले वाहक आहे आणि रूळही जाडजूड असतो. दोष असतो तो जोडपट्टीच्या आत साचलेल्या मातीचा, ओलाव्याचा आणि हिरव्या गंजाचा. डीसीच्या गाडीचा वेग अशा वेळी नुसता मंदावतो. डीसीसीत मात्र हुकूमच अर्धवट पोचतो, डीकोडर भानावर येईपर्यंत आवाज तुटतो आणि इंजिन आचके देते. मग लोक यंत्रणेला दोष देतात आणि आणखी महाग स्टेशन घेतात.

उपाय स्वस्त आहे, फक्त कंटाळवाणा आहे. सरकत्या जोडपट्ट्या काढून स्क्रूने आवळणारे क्लॅम्प लावायचे, आणि थोड्या थोड्या अंतरावर जाड तारेने वीज पुन्हा रुळांना द्यायची. स्टेनलेस स्टीलचे रूळ पितळापेक्षा कमी वाहक असले तरी पृष्ठभागावर स्वच्छ राहतात. शिवाय डीकोडरला कपॅसिटरचा साठा जोडला की क्षणभराची खंडित वीज गाडीला जाणवत नाही. जाहिरातीतल्या इतर कुठल्याही सोयीपेक्षा बागेत याचा उपयोग जास्त.

अँपिअरच्या आकड्यांकडेही सावधपणे बघायला हवे. एलजीबीच्या सुरुवातीच्या काळातली स्टेशने 5 अँपिअरची होती. मासोथचे मोठे स्टेशन 12 अँपिअर देते. झिमोचे एमएक्स-10 दोन वेगळ्या वाटांनी 12 आणि 8 देते. दोन मोटरांचे, धूर सोडणारे, दिवे लावलेले इंजिन चढावर सहज दोन-तीन अँपिअर घेते, तेव्हा चार गाड्यांना मोठे स्टेशन लागणार हे खरेच. पण 24 व्होल्ट आणि 12 अँपिअर म्हणजे 288 वॉट. डबा रुळावरून घसरला आणि शॉर्ट झाले, तर एवढी शक्ती एखाद्या बारीक तारेतून वाहू शकते आणि प्लॅस्टिक वितळू शकते. म्हणून मार्गाच्या सगळ्यांत लांबच्या टोकाला रुळांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून बघावा. स्टेशनने तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा अपुऱ्या आहेत, आणि त्या दुरुस्त होईपर्यंत गाडी सोडू नये.

आता दुसरी वाट. रुळांत वीजच सोडायची नाही. बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात, हुकूम रेडिओवरून. इंग्रजी बागांत ही पद्धत फार लोकप्रिय आहे, आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. तिथे खऱ्या वाफेवर चालणारी छोटी इंजिने पुष्कळ. ज्यांची चाके आणि अॅक्सल अखंड धातूचे असतात अशी इंजिने वीज असलेल्या रुळावर ठेवली की दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होते. वाफ आणि वीज एकाच बागेत नांदवायची तर बॅटरीच सोयीची. शिवाय गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलटी परतते तिथे डीसीसीला खास मॉड्यूल लागते. बॅटरीवाल्याला ते लागत नाही.

हिशेब साधा आहे. चार लिथियम सेल एकापुढे एक जोडले की 14.8 व्होल्ट. सेल 2.6 अँपिअर-तासाचे असतील आणि इंजिन सरासरी एक अँपिअर ओढत असेल, तर अडीच तास गाडी चालते. छोट्या इंजिनात मात्र सेल, रिसीव्हर, डीकोडर आणि स्पीकर बसवताना जागा पुरत नाही. आणि प्रत्येक इंजिनाला हा सगळा संसार वेगळा करावा लागतो. तीन इंजिनांना बॅटरी परवडते, तीस इंजिनांना नाही.

या दोन वाटांमधला एक मार्ग मला विशेष शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेतल्या सीव्हीपी कंपनीची ‘एअरवायर’ पद्धत डीसीसीचीच भाषा रेडिओवरून पाठवते आणि इंजिनातला रिसीव्हर ती कोणत्याही नेहमीच्या डीकोडरला ऐकवतो. रूळ मृत राहिले तरी मानक जिवंत राहते.

मानकाचे मोल कंपनी बुडाली की कळते. अमेरिकेच्या अॅरिस्टो-क्राफ्टची ‘रेव्होल्यूशन’ ही स्वतःची रेडिओ पद्धत अनेकांनी विश्वासाने घेतली होती. 2013 च्या अखेरीस कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्या मालकांना सुट्या भागांची चिंता लागली. लेहमानचेही 2006 मध्ये दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी मेर्कलिन या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने एलजीबी घेतली, 2009 मध्ये मेर्कलिन स्वतःच अडचणीत आली आणि 2013 मध्ये ती सिम्बा-डिकी समूहाकडे गेली. तरीही जुन्या एलजीबी गाड्या आजच्या स्टेशनवर चालतात, कारण लेहमानने आपली डिजिटल पद्धत लेन्झच्या पायावर उभारली होती. तिचे सुरुवातीचे डीकोडर 14 टप्पेच ओळखतात आणि घंटा-शिट्टीचा हुकूम एकच बटण मोजून तितक्या वेळा दाबल्यासारखा घेतात. एवढी अडचण सेटिंगमध्ये सांभाळता येते.

आपल्याकडे छोट्या रेल्वेचे प्रेम नवे नाही. कोथरूडचे जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1998 पासून लोक आवडीने बघतात. आणि 1907 मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी 610 मिलिमीटरच्या रुळावर धावते. 32 मिलिमीटरच्या रुळावर तिची प्रतिकृती बरोबर 1:19 प्रमाणाची होते, ब्रिटनमध्ये याच प्रमाणात अरुंद मार्गाच्या गाड्या बनतात. कोणाला आपल्या अंगणात ती धावताना बघायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेतला 900 मेगाहर्ट्झचा रेडिओ संच इथे वापरू नये. ती लहरपट्टी आपल्याकडे मोबाइल कंपन्यांची आहे. 2.4 गिगाहर्ट्झला परवाना लागत नाही. दुसरे म्हणजे, लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत. वैशाखातल्या उन्हात तापलेले इंजिन सावलीत गार होऊ द्यावे, मगच चार्जर लावावा.

माझा कौल असा. मार्ग छोटा असेल, इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी रूळ घासायची तयारी नसेल, तर बॅटरी घ्या. गाड्यांचा ताफा वाढवायचा असेल, रूळ बदलणारे सांधे आणि सिग्नलही त्याच हातातून चालवायचे असतील, तर रुळांतली डीसीसी घ्या, पण पहिला खर्च क्लॅम्पवर आणि तारेवर करा, स्टेशन नंतर. दोन्ही वाटांवर डीकोडर मात्र खुल्या मानकाचाच निवडा.