स्नानगृहाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतणाऱ्या वृद्ध रुग्णास पुन्हा पडण्याचे मोठे भय असते ते ओल्या स्नानगृहात. त्यामुळे रुग्णालयाच्या देयकापाठोपाठ त्याच्या दुरुस्तीचा खर्च अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो.

अंदाज चुकतो तो बहुधा क्षेत्रफळात. ४ बाय ६ फुटांच्या स्नानगृहाची जमीन केवळ २४ चौरस फूट. परंतु भिंतींना ७ फुटांपर्यंत फरशी लावावयाची झाल्यास दार वजा जाता सुमारे १२० चौरस फूट आणखी लागते. तुटीसाठी १० टक्के वेगळे. नळाची बाजू सोडून इतर भिंती निम्म्यावर थांबविल्या तरी रुग्णाचे काही अडत नाही. वाचलेला पैसा जमिनीच्या खरखरीत फरशीस व पक्क्या बसविलेल्या आधारदांड्यांस द्यावा.

कोबा, नळजोडणी व जलरोधक लेप यांत मात्र काटकसर नको. लेपानंतर दोन दिवस पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल उतरते का ते पाहावे, मगच फरशी. (सांडपाण्याच्या जाळीखालील ‘नहाणी ट्रॅप’ देशभर आपल्या नहाणीचेच नाव मिरवितो!) पनवेलच्या पावसाळ्यात गिलावा लवकर वाळत नाही, हेही तारखा ठरविताना ध्यानी असावे.

राडारोडा उचलण्याची मजुरी दरपत्रकात आहे का, हे लेखी विचारावे आणि एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के अनपेक्षित कामांसाठी राखावेत. चाकाची खुर्ची आत न्यावयाची असल्यास दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर धरावी. चौकट रुंदावण्याचे काम फरशीपूर्वीच उरकावे लागते.