भोपळा का गळतो?

मागे एकदा आमच्या परसात लाल भोपळ्याचा, म्हणजे आपल्या जिरोमोचा, वेल असा फोफावला की तो पत्र्यावर चढला. फुलेही पुष्कळ आली. परंतु सुपारीएवढे फळ धरले की ते पिवळे पडे व गळून जाई. आई म्हणाली, दृष्ट लागली. शेजारच्या काकांनी आधी वेल पाहिला, मग माझ्या हातातला फवारणीचा पंप पाहिला. "अरे, सकाळी सकाळी औषध मारतोस, मग मधमाशी येईल कशी?"

काकांचे म्हणणे खरे होते. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर उभे असते. त्याचे पराग जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशीनेच ते न्यावे लागतात, आणि तेही सकाळीच, कारण दुपारपर्यंत फूल मिटते. दुधीचे मात्र उलटे आहे. त्याचे पांढरे फूल तिन्हीसांजेला उमलते आणि त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात.

पंप तर मी ठेवून दिला. पण भोपळा काही वर्षभर फुलत नाही. एरवी मधमाशीने खावे काय? यासाठी अंगणात थोडा विचार करून झाडे लावावी लागतात. तुळस दाट वाढावी म्हणून आपण तिच्या मंजिऱ्या खुडतो. एखादे रोप तसेच फुलू द्यावे. कोथिंबीर व मोहरीची चार रोपे फुलावर जाऊ द्यावीत. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळीचाही लावावा. गच्च भरलेला झेंडू हाराला शोभतो, पण त्यात मधमाशीला फारसे काही मिळत नाही.

फुलपाखरांना मधाबरोबर पिलांसाठी पानेही हवीत. लिंबावर आणि कारीपुलेवर दिसणाऱ्या हिरव्या अळ्यांतून मोठी फुलपाखरे निघतात. झाड मोठे असेल तर थोडी पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही.

आता आपल्या बेटाची खास गोष्ट. येथे सरडेही हे काम करतात! तांबड्या ठिपक्यांची हिरवीगार पाल, जिला आपण लेझार वेर म्हणतो, ती फुलांतला मध चाटते आणि तिच्या डोक्याला पराग लागतात. ट्रोकेशिया या फक्त मास्कारेन बेटांवर आढळणाऱ्या झाडांपैकी एक, ल मोर्नच्या डोंगरावरचे 'बुक्ल दोरेय', १९९२ पासून आपले राष्ट्रीय फूल आहे. त्याच्याच एका भाऊबंदाचा, ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियानाचा, अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जी झाडे वाक्वाच्या दाट झाळीजवळ होती, त्यांना दूरच्या झाडांपेक्षा जास्त फळे धरली होती. कारण काय, तर पाल वाक्वाच्या काटेरी पानांत लपून राहते आणि जवळच्याच फुलावर जाते. उघड्यावर फार लांब जायला ती भिते.

हे वाक्वा म्हणजे कोकणातल्या केवड्याच्या कुळातले झाड. वाक्वा गावाचे नावही त्याच्यावरूनच पडले. आज त्या गावात किती घरांच्या अंगणात ते झाड उरले आहे, हे तेथील वाचकांनीच पाहावे. आपण अंगण झाडून लख्ख करतो, केळीची वाळकी पाने ओढून काढतो, कडेला सिमेंट घालतो. मग फुले राहतात, पण त्यांच्याकडे येणाऱ्यांना आडोसा राहत नाही.

आमच्या घरी केळीची वाळकी पाने आता कोपऱ्यातल्या दोन झाडांवर तशीच ठेवतो. आईला तो पसारा अजून आवडत नाही. मात्र त्या वेलाला नंतर तीन भोपळे धरले, आणि त्यांतला पहिला तिने काकांकडे पाठवला.