यजमानही पंगतीत : पाहुणचाराची डॅनिश ऊब

डिसेंबरमध्ये कोपनहेगनला दुपारचे पावणेचार वाजण्याआधीच सूर्य मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. अशा दिवसांत एखाद्या डॅनिश कुटुंबाकडे प्रथमच जेवायला गेलेला परदेशी पाहुणा थोडा बुचकळ्यात पडतो, कारण घरात भरपूर उजेड असेल ही त्याची अपेक्षा फोल ठरते. छताचा मोठा दिवा बंद असतो. कोपऱ्यांत दोन-तीन बुटके दिवे, टेबलावर आणि खिडकीत मेणबत्त्या, बाकी सारा अंधुक काळोख. वीज गेली की काय, अशी शंका यावी. प्रत्यक्षात हा यजमानाने पाहुण्यासाठी केलेला खास बेत असतो.

या बेताला डॅनिश भाषेत एक शब्द आहे. रोमन लिपीतील स्पेलिंगवरून तो 'हिग्गे' वाटतो, मात्र त्याचा उच्चार 'हूगे'च्या जवळ जाणारा आहे. मूळचा नॉर्वेजियन असलेला हा शब्द १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास डॅनिश लेखनात रुळला. आपल्या माणसांच्या सहवासातील निवांत, निर्धास्त ऊब असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. त्याचा विरुद्धार्थी शब्द अधिक बोलका आहे. 'उ' हा नकारार्थी उपसर्ग लावला की अर्थ होतो भयाण, अंगावर काटा आणणारे. थोडक्यात, जिथे हूगे आहे तिथे माणसाला कशाचीही धास्ती नसते.

२०१६ मध्ये या शब्दाने डेन्मार्कची सीमा ओलांडली. कोपनहेगनमधील हॅपिनेस रिसर्च इन्स्टिट्यूटचे मिक विकिंग यांचे पुस्तक त्या वर्षी इंग्रजीत गाजले आणि ऑक्सफर्ड व कॉलिन्स या दोन्ही शब्दकोशांच्या 'वर्षातील शब्द' यादीत हूगेची गणना झाली. पाठोपाठ सुगंधी मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, महागड्या चादरी यांचा बाजार तेजीत आला. गंमत अशी, की पाकिटावर छापून विकता येईल असे हूगेमध्ये फारच थोडे आहे.

तिचे मर्म आहे ते यजमान कुठे बसतो यात. या बैठकीत यजमान स्वयंपाकघरात अडकून पडलेला नसतो, पाहुण्यांबरोबर टेबलाशी असतो. पदार्थ मोजके आणि साधे असतात. एखादे सूप, राय धान्याचा काळा पाव किंवा नुसतीच कॉफी आणि केक. भांडी टेबलावर मांडली, की ती हातोहात फिरतात आणि जो तो आपल्याला हवे तेवढे वाढून घेतो. नाताळच्या सुमारास दालचिनी-लवंग घालून गरम केलेली लाल वाइन, तिच्यात बेदाणे आणि बदाम, आणि सोबत 'एब्लेस्कीवर' नावाचे गोल, फुगीर पदार्थ असतात. हे खोलगट वाट्यांच्या बिडाच्या तव्यावर होतात. आपल्या आप्पेपात्राचे ते जुळे भावंडच म्हणावे. मात्र आप्प्यांना चटणी लागते, तर यांना मुरंबा आणि पिठीसाखर. जेवण आटोपल्यावर जेवणाबद्दल आभार मानले जातातच, शिवाय पुढच्या भेटीत 'टाक फॉर सिस्ट', म्हणजे गेल्या वेळेबद्दल धन्यवाद, असे आवर्जून म्हणण्याची रीत आहे.

थाटमाट केल्यास ही बैठक फसते. आक्सेल सांडेमोसे या लेखकाने १९३३ च्या आपल्या कादंबरीत 'यांटेचा कायदा' मांडला. तू इतरांपेक्षा कुणी विशेष आहेस असे समजू नकोस, हा त्याचा गाभा. डॅनिश समाज आजही या कायद्याचा उल्लेख काहीशा थट्टेने, काहीशा कबुलीने करतो. चांदीची ताटे आणि अकरा पदार्थ मांडले, तर पाहुणा दबतो आणि घरी परतफेडीचा हिशेब सुरू होतो.

उजेडाबाबत मात्र हे लोक काटेकोर आहेत. मेणबत्तीच्या ज्योतीला ते 'जिवंत उजेड' म्हणतात, तर रंगाचा बेरंग करणाऱ्याला 'दिवे विझवणारा'. वास्तुरचनाकार पोल हेनिंगसेन यांनी १९२० च्या दशकात घडवलेल्या दिव्यात एकाखाली एक अशा झडपा असतात. त्यामुळे उजेड पडतो, पण बल्ब डोळ्यांत जात नाही. मेणबत्त्यांना इतिहासाचाही स्पर्श आहे. ४ मे १९४५ च्या संध्याकाळी जर्मन फौजांच्या शरणागतीची बातमी रेडिओवर आली, तेव्हा लोकांनी खिडक्यांवरचे काळे पडदे फाडून मेणबत्त्या लावल्या. ४ मे रोजी आजही अनेक घरांच्या खिडक्यांत त्या तेवतात.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. हूगेचे वर्तुळ सहसा जुन्या, मोजक्या मित्रांचे असते आणि बोलावणे काही आठवडे आधी ठरते. न कळवता दारात उभे राहणे तिथे रीतीला धरून नाही. वादाचे विषय टाळले जातात. मानवशास्त्रज्ञ येप्पे ट्रोले लिनेट यांनी २०११ च्या निबंधात म्हटले आहे, की हूगे हे सामाजिक नियंत्रणाचेही साधन ठरते आणि ज्यांना ती जमत नाही त्यांना कमी लेखले जाते. आत बसलेल्यांना ऊब देणारे दार बाहेरच्याला बंदच दिसते. ऐनवेळी आलेल्यालाही पानावर बसवणाऱ्या घरांनी हा भाग डेन्मार्कहून आणू नये.

मुंबई-पुण्याच्या घरात मेणबत्त्यांचाही फारसा उपयोग नाही. पंखा लावला की त्या विझतात आणि पंखा बंद केला की पाहुणे घामाघूम होतात. शिवाय बंद खोलीत त्यांच्या धुराचे सूक्ष्म कण साचतात. पांढरी ट्यूब मालवून पिवळसर उजेडाचे दोन दिवे लावले, तरी काम भागते.

खरा बदल ओट्याजवळ करावा लागेल. आपल्याकडे पाहुणे जेवत असताना घरची बाई उभ्याने पुऱ्या तळते आणि सर्वांचे झाल्यावर, गप्पांचा रंग ओसरल्यावर, गार झालेले अन्न एकटी जेवते. तिच्या आतिथ्याचे कौतुक होते, तिची गैरहजेरी कुणाच्या लक्षातही येत नाही. ती टेबलाशी बसायची असेल, तर बेतच तसा ठरवावा. गरमागरम वाढण्याचे पदार्थ वगळावेत. मसालेभात, कढी, कोशिंबीर किंवा उसळ-पाव आधी करून मध्यभागी मांडता येतात. आग्रहाचे काम फिरत्या भांड्यावर सोपवता येते. आणि शेवटी ताटे उचलायला, कपबश्या विसळायला चार पाहुणे उठले, तर त्यांना 'राहू द्या हो' म्हणून अडवायचे नाही. मराठी यजमानांना सर्वांत जड जाईल ते हेच.